मोजून मापून बिघडवलेला कार्बन

मुंबई-सोलापूर लोहमार्गावरचे कुर्डुवाडी जंक्शन झाले ते एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरमुळे. त्यांनी १८९७ मध्ये इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाइट’ सुरू केली. तेव्हा या स्टेशनचे नाव बार्शी रोड असे होते. १९०६ मध्ये फाटा पंढरपूरला पोचला; पुढे ही लाइन एका टोकाला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला मिरजेपर्यंत गेली. शंभर वर्षे कुर्डुवाडीत दोन मापांचे रूळ शेजारी शेजारी नांदले, एक ७६२ मिलिमीटरचा आणि दुसरा १६७६ मिलिमीटरचा. मोठ्या लाइनची वाघीण छोट्या रुळांवर चढत नसे. आलेला माल हमालांनी इकडून उतरवून तिकडे भरायचा आणि पंढरीच्या वारकऱ्याने इथे उतरून गाडी बदलायची, अशी रीत होती.

ग्राफीनचे दुखणेही दोन मापांचे आहे. कार्बनच्या अणूंचा हा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा स्वतःपुरता अजोड आहे. पण पाणी, प्लास्टिक, रंग, औषध, बॅटरीतले द्रावण यांच्याशी त्याचे माप जुळत नाही. मधे जंक्शन लागते, आणि ते बांधण्याचे काम रसायनशास्त्र करते. पापुद्र्यावर ऑक्सिजन, हायड्रोजन, फ्लोरिन यांचे अणू बसवले जातात, कधी कार्बनचा अणू काढून त्याच्या जागी नायट्रोजनचा घातला जातो. हे करताना मूळचा निर्दोष पापुद्रा थोडाफार बिघडतोच. तो किती बिघडवायचा, कुठे बिघडवायचा आणि नंतर कितपत पूर्ववत करायचा, यावर ग्राफीनचा सगळा व्यवहारी उपयोग उभा आहे.

निर्दोष असण्याची अडचण

शिसपेन्सिलीतले ग्राफाइट म्हणजे अशा पापुद्र्यांची चळत. एका पापुद्र्यात कार्बनचे अणू षट्कोनांच्या जाळीत बसलेले असतात आणि शेजारच्या दोन अणूंत ०.१४२ नॅनोमीटर अंतर असते. दोन पापुद्र्यांमधले अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. अणू आपसात घट्ट बांधलेले, पण पापुद्रे एकमेकांना सैल धरलेले; म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव यांनी ग्राफाइटला साधी चिकटपट्टी लावून, ती पुन्हा पुन्हा दुमडून उलगडून, एकच पापुद्रा सुटा केला आणि त्याचे विद्युत गुणधर्म मोजले. २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना या कामासाठी मिळाले.

कार्बनच्या अणूकडे बंधासाठी चार इलेक्ट्रॉन असतात. ग्राफीनमध्ये त्यांतले तीन शेजारच्या तीन अणूंना बांधण्यात खर्ची पडतात. चौथा कोणा एका अणूचा राहत नाही, तो पापुद्राभर सामाईक होतो. ग्राफीन वीज इतकी सहज वाहून नेते ती या चौथ्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर. एका अणूची जाडी असूनही हा पापुद्रा अंगावर पडलेल्या प्रकाशातला २.३ टक्के प्रकाश शोषतो, तोही त्याच इलेक्ट्रॉनमुळे. आणि क्षेत्रफळ विचाराल तर एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण सुटे पसरले आणि त्याच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर ते २६३० चौरस मीटर भरते. गावच्या हिशेबात सव्वीस गुंठे.

हे सव्वीस गुंठे हाताला लागत नाहीत, ही पहिली अडचण. सुटे पापुद्रे पाण्यात टाकले की ते पाण्यापेक्षा एकमेकांना जवळचे मानतात, पुन्हा चळत करतात आणि तळाशी काळा गाळ बसतो. दुसरी अडचण विजेची. संगणकाच्या चिपमधला ट्रान्झिस्टर चालू होण्याइतकाच बंद होणेही गरजेचे असते. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची एक दरी असते, तिला बँडगॅप म्हणतात. ग्राफीनमध्ये ती शून्य आहे, त्यामुळे प्रवाह पुरता थांबतच नाही. तिसरी अडचण अलिप्तपणाची. निर्दोष ग्राफीनला रासायनिक हातच नाहीत, त्यामुळे दुसरा रेणू त्याला धरणार तरी कुठे?

तिन्ही अडचणींवर उपाय एकच, चौथ्या इलेक्ट्रॉनला कामाला लावणे. ग्राफीनच्या एखाद्या कार्बनला बाहेरचा अणू जोडला की तिथला चौथा इलेक्ट्रॉन त्या नव्या बंधात अडकतो. तो कार्बन पापुद्र्याच्या पातळीतून किंचित वर उचलला जातो, त्याची सपाट त्रिकोणी मांडणी मोडून हिऱ्यातल्या कार्बनसारखी चतुष्फलकी होते, आणि त्या जागी सामाईक इलेक्ट्रॉनांची वाट तुटते. अशा जागा थोड्या असल्या तर पापुद्रा वाहक राहतो आणि त्याला धरायला हातही मिळतात. फार झाल्या तर तो विजेला पूर्ण पारखा होतो.

कापूर, काजळी आणि सोलापूर

महाराष्ट्रातले या विषयाचे धागे शोधू लागले की पहिला सापडतो तो देवघरात. कापराच्या एका रेणूत दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो. आरतीच्या ज्योतीवर क्षणभर स्टीलची थाळी धरली तर तिच्यावर मखमली काजळी चढते. ही काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने या कापराकडे कार्बनचा स्वच्छ, स्वस्त आणि झाडापासून मिळणारा कच्चा माल म्हणून पाहिले. १९९४ मध्ये त्यांनी कापरापासून फुलरीन, म्हणजे कार्बनचे पोकळ चेंडूसारखे रेणू, मिळवल्याचे ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

बारा वर्षांनी त्याच कापराचे ग्राफीन झाले. जपानमधल्या चुबू विद्यापीठात प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि मासायोशी उमेनो यांनी २००६ मध्ये हा प्रयोग केला. भट्टीच्या एका भागात कापूर १८० अंश सेल्सिअसला उडवायचा, आर्गन वायूच्या झोतावर त्याची वाफ दुसऱ्या भागात न्यायची आणि तिथे ७०० ते ८५० अंशांना निकेलच्या पत्र्यावर तिचे विघटन होऊ द्यायचे. थंड झालेल्या निकेलवर ग्राफीनचे थर मिळाले, साधारण पस्तीस. एकाच थराचे ग्राफीन अजून दूर होते, पण धातूच्या पत्र्यावर वाफेतून ग्राफीन वाढवण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत याची गणना होते. २००९ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या रॉडनी रुऑफ यांच्या गटाने निकेलऐवजी तांब्याचा पत्रा आणि कापराऐवजी मिथेन वापरून प्रामुख्याने एकथरी ग्राफीन मिळवले. फरक धातूच्या स्वभावाचा आहे. गरम निकेल कार्बन स्वतःत विरघळवून घेते आणि थंड होताना तो थराथरांनी बाहेर टाकते; तांब्यात कार्बन जवळपास विरघळतच नाही, त्यामुळे पृष्ठभाग एकदा झाकला की वाढ आपोआप थांबते. सोमाणी यांनी पुढे पुण्यातून नॅनोपदार्थांचे काम चालू ठेवले.

महेश्वर शेरॉन आणि जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासक माधुरी शेरॉन यांचे पुढचे काम सोलापुरात आले, कुर्डुवाडीहून रेल्वेने ऐंशीएक किलोमीटरवर. वालचंद कॉलेज ऑफ आर्ट्स अँड सायन्सच्या आवारात नॅनोटेक्नॉलॉजी आणि बायोनॅनोटेक्नॉलॉजीचे वालचंद संशोधन केंद्र त्यांनी चालवले. वनस्पतींच्या बिया, तंतू आणि तेले यांपासून कार्बनचे नॅनोपदार्थ करणे हा त्यांच्या कामाचा गाभा. २०१५ मध्ये दोघांनी मिळून ग्राफीनच्या मूलतत्त्वांवर आणि औद्योगिक उपयोगांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. मोठ्या राष्ट्रीय प्रयोगशाळांपासून दूर, जिल्ह्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला हा विषय हाताने करून पाहता येतो, हे या कामाचे मोल फार मोठे आहे.

हिरवा, तपकिरी, पिवळा

ग्राफीनवर ऑक्सिजन बसवण्याची युक्ती खुद्द ग्राफीनपेक्षा जवळपास दीडशे वर्षांनी जुनी आहे. १८५९ मध्ये ऑक्सफर्डचे बेंजामिन ब्रॉडी ग्राफाइटचा अणुभार शोधत होते. त्यांनी ग्राफाइटवर पोटॅशियम क्लोरेट आणि धूर सोडणारे नायट्रिक अॅसिड यांची पुन्हा पुन्हा प्रक्रिया केली आणि त्यांना पाण्यात विखुरणारा एक फिकट पदार्थ मिळाला. ग्राफाइटमध्ये ‘ग्राफॉन’ नावाचे ३३ अणुभाराचे वेगळे मूलद्रव्य आहे, असे त्यांनी अनुमान काढले. ते टिकले नाही, पदार्थ मात्र टिकला. आज त्याला ग्राफाइट ऑक्साइड म्हणतात, आणि पाण्यात त्याचे पापुद्रे सुटे झाले की ग्राफीन ऑक्साइड.

आज जगभर चालते ती कृती १९५८ ची, विल्यम हमर्स आणि रिचर्ड ऑफमन यांची. मूळ प्रमाण असे: १०० ग्रॅम ग्राफाइटची पूड, ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट, २.३ लिटर तीव्र सल्फ्युरिक अॅसिड आणि ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. भांडे बर्फात बसवून परमँगनेट चिमटी चिमटीने घालायचे आणि तापमान २० अंशांवर जाऊ द्यायचे नाही. ही घाई न करण्याची जागा आहे. परमँगनेट आणि तीव्र सल्फ्युरिक अॅसिड यांच्यातून गडद हिरवे मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होते आणि ते ५५ अंशांच्या आसपास स्फोट करू शकते. मग मिश्रण ३५ अंशांवर अर्धा तास. ते फसफसते, हळूहळू घट्ट होते आणि करड्या-तपकिरी लगद्यासारखे दिसू लागते. त्यात बेताबेताने पाणी घातले की तापमान ९८ अंशांपर्यंत चढते. तिथे ते पंधरा मिनिटे राहू द्यायचे. शेवटी आणखी पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. उरलेले परमँगनेट रंगहीन, विद्राव्य क्षारात बदलते, आणि मघाचा मळकट लगदा बघता बघता झगझगीत पिवळा होतो.

त्यानंतर खरी चिकाटी लागते ती धुण्याला. सुरुवातीला अॅसिड जास्त असते तोवर पदार्थ पटकन खाली बसतो. अॅसिड जसे निघत जाते तसे पापुद्रे पाणी पिऊन फुगतात, जेलीसारखे होतात, गाळणीचा कागद तुंबतो आणि सेंट्रिफ्यूजची फेरी लांबत जाते. कारखान्याच्या पातळीवर ग्राफीन ऑक्साइडचा खर्च मुख्यतः इथे, धुण्याच्या पाण्यात आणि उरलेल्या अॅसिडची विल्हेवाट लावण्यात जातो. सोडियम नायट्रेटमुळे निघणारे नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड टाळण्यासाठी राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने २०१० मध्ये नायट्रेट वगळले, सल्फ्युरिकमध्ये नऊला एक या प्रमाणात फॉस्फोरिक अॅसिड मिसळले, आणि ऑक्साइड अधिक चांगले मिळाले.

या पापुद्र्यावर नेमके काय बसले आहे, याचे आज सर्वाधिक मान्य चित्र अँटन लर्फ आणि यासेक क्लिनोव्स्की यांनी १९९८ मध्ये मांडले. पापुद्र्याच्या पाठीवर हायड्रॉक्सिल गट आणि दोन शेजारी कार्बनना जोडणारे इपॉक्साइडचे पूल असतात. कडांना कार्बॉक्सिल गट असतात. त्यांच्या अधेमधे मूळ ग्राफीनची शाबूत बेटे. पाण्यात कार्बॉक्सिल गटांवर ऋणभार येतो, सारख्या भाराचे पापुद्रे एकमेकांना दूर ढकलतात आणि बाटलीतले द्रावण महिनोन्महिने तसेच राहते. तळाला बसणारा गाळ पाण्यात नांदू लागला, पण वीज गेली: ग्राफीन ऑक्साइड जवळपास दुर्वाहक आहे.

म्हणून पुढची पायरी ऑक्सिजन परत काढण्याची. २००७ मध्ये रुऑफ यांच्या गटाने हायड्राझीन वापरून ती केली. कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणूंचे गुणोत्तर २.७ वरून सुमारे १० वर गेले, तपकिरी द्रावण काळे पडले आणि वीज पुन्हा वाहू लागली. हायड्राझीन विषारी असल्याने मग सौम्य पर्यायांचा शोध सुरू झाला. त्यांत क जीवनसत्त्व विशेष यशस्वी ठरले. डाळिंबाच्या रसानेही हे काम होते असे प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. रसाला असा उपयोग मिळाला तर इथल्या शेतकऱ्याच्या फायद्याचे होईल. मात्र ऑक्सिजन काढून पूर्वीचे ग्राफीन परत येत नाही. ऑक्सिजन जाताना काही ठिकाणी कार्बनलाही बरोबर घेऊन कार्बन मोनॉक्साइड किंवा डायऑक्साइड होऊन जातो, आणि पापुद्र्यात भोके उरतात.

रंग, साखर आणि पाणी

भोके आणि उरलेला ऑक्सिजन यांचाच उपयोग करून घेणारे क्षेत्र म्हणजे पाणी. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या सोलापुरासाठी हा प्रश्न घरचा आहे. रंगाईनंतरच्या पाण्यातला रंग नुसत्या निवळण्याने जात नाही. मिथिलीन ब्लूसारखा धनभारित रंग ग्राफीन ऑक्साइड झटकन पकडते: ऋणभारित कार्बॉक्सिल गट त्याला ओढतात आणि रंगाच्या रेणूतली सपाट कडी पापुद्र्याच्या शाबूत भागाला चिकटते. म्हणूनच या क्षेत्रातल्या शेकडो प्रयोगांत मिथिलीन ब्लू हाच नमुन्याचा रंग असतो. पण सुती कापडाला वापरले जाणारे रिअॅक्टिव्ह रंग बहुधा ऋणभारित असतात, आणि त्यांना तेच ऑक्साइड दूर ढकलते. उपाय म्हणून पापुद्र्यावर अमाइन गट बसवतात. आम्लधर्मी पाण्यात त्यांच्यावर धनभार येतो आणि ओढ उलटी होते. नमुन्याच्या रंगावरचा निकाल पाहून इथल्या सांडपाण्याचा ठोकताळा बांधता येत नाही, तो यामुळेच.

साखरेच्या जिल्ह्याला आणखी एक प्रयोग ओळखीचा वाटेल. आयआयटी मद्रासमध्ये थलप्पिल प्रदीप यांच्या गटाने २०१२ मध्ये साध्या साखरेचे द्रावण वाळूवर चढवले, ती वाळू नायट्रोजनमध्ये ७५० अंशांपर्यंत तापवली आणि नंतर सल्फ्युरिक अॅसिडची प्रक्रिया केली. वाळूच्या कणांवर ग्राफीनसदृश कार्बनचा थर बसला, आणि तिने पाण्यातला एक रंग आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक शोषून घेतले. सुटी पूड पाण्यातून परत काढण्याची कटकट यात उरत नाही, वाळू नळकांड्यात भरली की गाळणी तयार. उसाच्या चिपाडापासून ग्राफीन ऑक्साइड करण्याचे प्रयोगही झाले आहेत.

क्षार गाळणे त्याहून अवघड आहे. २०१२ मध्ये मँचेस्टरमध्ये राहुल नायर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ग्राफीन ऑक्साइडच्या थरांचा पडदा हेलियमसारख्या वायूलाही अडवतो, पण पाण्याच्या वाफेला वाट देतो. अडचण अशी की ओला झाल्यावर पडदा फुगतो, थरांमधले अंतर वाढते आणि मीठही आत शिरते. २०१७ मध्ये जिजो अब्राहम, नायर आणि सहकाऱ्यांनी पडदा इपॉक्सीत बंदिस्त करून हे अंतर ६.४ ते ९.८ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका नॅनोमीटरच्या आत, हवे तिथे रोखले. सर्वांत अरुंद पडद्याने साध्या मिठाचा सुमारे ९७ टक्के भाग अडवला. उन्हाळ्यात खारट बोअरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या माढा-करमाळ्याच्या वस्त्यांना नॅनोमीटरच्या अंशातल्या या फरकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

हायड्रोजन आणि फ्लोरिन

ऑक्सिजनची जागा कुठे, किती, हे पूर्ण हाती राहत नाही. हायड्रोजनचा मामला जास्त नेटका आहे. ग्राफीनच्या प्रत्येक कार्बनवर एकाआड एक वरून आणि खालून हायड्रोजन बसला तर काय होईल, याचे गणित २००७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले होर्हे सोफो, अजय चौधरी आणि ग्रेग बार्बर यांनी मांडले आणि त्या कल्पित पदार्थाला ग्राफेन म्हटले. दोन वर्षांनी मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर हायड्रोजनचा प्लाझ्मा सोडून तो प्रत्यक्ष केला. वाहक पापुद्रा दुर्वाहक झाला. तोच पापुद्रा आर्गनमध्ये ४५० अंशांना तापवला तेव्हा हायड्रोजन निघून गेला आणि वाहकता बऱ्याच अंशी परतली. बिघाड उलटवता येतो, हे या प्रयोगाने दाखवले.

फ्लोरिन त्याच्या उलट, एकदा बसला की घट्ट. २०१० मध्ये राहुल नायर आणि सहकाऱ्यांनी झेनॉन डायफ्लोराइड वापरून फ्लोरोग्राफीन बनवले. त्याचा बँडगॅप किमान तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट निघाला, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाला तो जवळपास पारदर्शक. हवेत ४०० अंशांपर्यंत तो तग धरतो. तव्यावरच्या टेफ्लॉनचा हा एका थराचा भाऊ.

पाषाणमधले नायट्रोजन

वर जोडण्याऐवजी आत घालणे ही दुसरी तऱ्हा. नायट्रोजन कार्बनचा शेजारी, आकाराने जवळपास तेवढाच, पण त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जास्त. तो जाळीत कार्बनच्या जागी बसतो तेव्हा आजूबाजूच्या कार्बनकडून इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. ते कार्बन किंचित धनभारित होतात आणि ऑक्सिजनचा रेणू त्यांच्यावर येऊन टेकतो. इंधनघटात नेमके हेच हवे असते. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटात एका बाजूला ऑक्सिजनचे पाणी व्हावे लागते, आणि त्या मंद प्रक्रियेला वेग देण्यासाठी आजवर प्लॅटिनम वापरावे लागत आले आहे. २०१० मध्ये अमेरिकेत लिमिंग दाई यांच्या गटाने दाखवले की अल्कधर्मी द्रावणात नायट्रोजनयुक्त ग्राफीन धातूशिवायही हे काम करते.

पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट याच वाटेवर बरीच वर्षे काम करतो आहे. २०२० मध्ये हायड्रोजन इंधनघटावर चालणारी मोटार पुण्यात फिरवून पाहिली गेली, तेव्हा त्यात सीएसआयआर या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांबरोबर केपीआयटी ही कंपनी होती. अशा गाड्या सामान्यांच्या आवाक्यात यायच्या असतील तर प्लॅटिनमचा खर्च उतरवावाच लागेल, म्हणून या कामाकडे आस्थेने पाहायला हवे. त्यातली बारीक गोष्ट अशी की नायट्रोजन किती टक्के आहे यापेक्षा तो कुठे बसला आहे याला महत्त्व असते. कडेला दोन कार्बनना धरून बसलेला, पाच जणांच्या कडीत शिरलेला आणि जाळीच्या आत तीन कार्बनमध्ये रुजलेला, हे तिन्ही वेगवेगळे वागतात.

याच प्रयोगशाळेत विजयमोहनन पिल्लई यांच्या गटाने ग्राफीन कापण्याची एक देखणी रीत काढली. कार्बनच्या बहुभिंती नॅनोनळ्या सौम्य सल्फ्युरिक अॅसिडमध्ये ठेवून त्यांना आधी धन विभव द्यायचा, म्हणजे नळीच्या लांबीवर ऑक्सिडेशन होऊन ती उसवते; मग ऋण विभव देऊन बसलेला ऑक्सिजन काढायचा. उरतात ग्राफीनच्या अरुंद फिती. धनराज शिंदे, जोयाशिष देबगुप्ता आणि आयआयटी मुंबईतले अजय कुशवाहा व मोहम्मद अस्लम यांच्यासह हे काम २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी’मध्ये आले. फीत काही नॅनोमीटरपर्यंत अरुंद झाली की ग्राफीनमध्ये नसलेला बँडगॅप उघडतो, आणि रुंदी बदलून तो कमी-जास्त करता येतो.

गंजाचा धडा

कुर्डुवाडीसारख्या रुळांच्या गावाला गंजाची वेगळी ओळख नको. ग्राफीनमधून वायू आरपार जात नाही, तेव्हा धातूवर त्याचा लेप दिला की गंज थांबेल, असे सुरुवातीला वाटले, आणि तांब्यावर थोड्या काळासाठी तसे दिसलेही. पण २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात अॅलेक्स झेट्ल यांच्या गटाने दीर्घकाळ निरीक्षण केले तेव्हा ग्राफीन लावलेले तांबे उघड्या तांब्यापेक्षा जास्त खराब झाले. लेपाला कुठेतरी चीर असतेच. तिथून हवा-पाणी आत शिरते, आणि वाहक ग्राफीन व धातू मिळून विजेचा घट तयार होतो, तो धातू खातो. इथे ग्राफीन ऑक्साइड कामी येते. त्याचे गट इपॉक्सीशी जोडले जातात, पापुद्रे रंगात नीट पसरतात, पाण्याची वाट वेडीवाकडी आणि लांब करतात. आणि स्वतः दुर्वाहक असल्याने घट जमत नाही. निर्दोष ग्राफीनचा सर्वांत कौतुकाचा गुण, त्याची वाहकता, गंजाच्या कामात घातक ठरला.

बिघाड मोजायचा कसा

हे सारे मोजता आले नसते तर अंदाजाचे काम राहिले असते. मोजमापाची पहिली वाट रामन यांच्या १९२८ च्या शोधातून जाते. नमुन्यावर हिरवा लेसर टाकला की विखुरलेल्या प्रकाशात कार्बनची खूण तीन ठिकाणी दिसते: प्रति सेंटिमीटर १३५०, १५८० आणि २७०० च्या आसपास. मधली प्रत्येक ग्राफाइटी कार्बनमध्ये असते. पहिली दिसायला पापुद्र्यात दोष असावा लागतो, म्हणून पहिलीची उंची मधलीच्या तुलनेत किती यावरून बिघाडाचे प्रमाण कळते. तिसरीचा आकार थर किती हे सांगतो. दुसरी वाट एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीची. कार्बन-ऑक्सिजनचे गुणोत्तर आणि नायट्रोजन कोणत्या जागी बसला आहे, हे तिच्यातून मिळते.

या मोजमापांची गरज बाजारानेच सिद्ध केली. २०१८ मध्ये सिंगापूरच्या गटाने जगभरच्या साठ कंपन्यांकडून ग्राफीन म्हणून विकली जाणारी पूड मागवून तपासली. बहुतेक नमुन्यांत ग्राफीनचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होते, आणि एकाही नमुन्यात ते निम्म्याच्या वर गेले नाही. बाकीचे बारीक केलेले ग्राफाइट. त्याआधी वर्षभर, २०१७ मध्ये, आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने शब्दांच्या व्याख्या ठरवून दिल्या होत्या: ग्राफीन म्हणजे एकच थर, आणि तीन ते दहा थरांच्या मालाला ‘मोजक्या थरांचे ग्राफीन’ म्हणावे.

सोलापूर, कोल्हापूर किंवा नांदेडच्या प्रयोगशाळेत बाटली विकत आणणाऱ्या विद्यार्थ्याने, किंवा रंगाच्या पाण्यासाठी गाळणी घेऊ पाहणाऱ्या कारखानदाराने, म्हणून चार आकडे विक्रेत्याकडून लेखी मागावेत: सरासरी थर किती, पापुद्र्याची रुंदी किती, कार्बन-ऑक्सिजनचे गुणोत्तर किती, आणि रामनमधल्या पहिल्या दोन खुणांचे प्रमाण किती. यांतला एक जरी बदलला तरी तोच रंग, तेच पाणी आणि तेच धातू त्या पुडीशी वेगळे वागतात. आणि बाटलीवर ‘ग्राफीन ऑक्साइड’ एवढेच लिहिलेले असेल, तर एका महिन्यात मिळालेला निकाल पुढच्या महिन्यातल्या मालावर पुन्हा मिळेल याची खात्री देता येत नाही.